‘आज काही नाही’ हेही लिहा

प्रश्न : मी मुलुंडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आवारातल्या बहाव्याच्या नोंदी मुलांना दर शुक्रवारी करायला सांगितल्या. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या वह्यांत एकच ओळ : ‘काही नाही’. मुलं कंटाळलीत. हे बंद करावं का? अशा नोंदींचा कुणाला उपयोग होतो का?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, बंद मुळीच करू नका. ‘काही नाही’ हीच तुमच्या वर्गाची मोलाची नोंद आहे.

‘बहावा एप्रिलमध्ये फुलला’ एवढंच लिहिलं, तर बहर कधी सुरू झाला ते कळत नाही. कुणीतरी त्या दिवशी वर पाहिलं, इतकंच कळतं. पण 28 मार्चला ‘कळी नाही’, 4 एप्रिलला ‘थोड्या कळ्या’, 11 ला ‘फुलं’ असं असेल, तर सुरुवात आठवड्याभराच्या चिमटीत सापडते. अशी वर्षं साठली की बहर अलीकडे आला की लांबला, हे बोलता येतं.

सीझनवॉच हा 2010 पासून देशभर चाललेला उपक्रम असाच आहे. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच्याकडेच जायचं, आणि कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ‘नाही, थोडी, भरपूर’ यांतलं एक लिहायचं. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर यादी देतानाही विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती देऊन जातो.

मी शिकवत असताना एका मुलीच्या वहीत सलग पाच आठवडे ‘काही नाही’ होतं. मी रागावले. पुढच्या वेळी तिनं ‘फुलं आली’ लिहिलं. खाली जाऊन पाहिलं, तर झाडावर नुसत्या शेंगा. मला बरं वाटावं म्हणून तिनं फुलं लिहिली होती. ते मला अजून सलतं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, रिकाम्या ओळीला शाबासकी द्या.

कंटाळ्याचं म्हणाल, तर मुलं झाड लांबून बघतात. खाली पडलेली शेंग हातात द्या. हातभर लांब, काळी, नळीसारखी. फोडली की आत नाण्यांसारख्या पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या, मधे काळा चिकट गर, आणि खणाखणात एकेक बी. बोटं बरबटतील, बरबटू देत. ती शेंग पिकायला वर्षाच्या आसपास लागतं. त्यामुळे यंदाची फुलं आणि गेल्या वर्षीच्या शेंगा एकाच फांदीवर दिसतात. मग ‘शेंगा कुठल्या साली धरायच्या?’ हे मुलंच विचारतील.

सीझनवॉचवर नोंदी द्यायच्या तर खातं तुमच्या नावानं उघडा, मुलांच्या नको. एका झाडाला चौघं पुरेत.

दोन गोष्टी मात्र आधीच ठरवा. बहावा ऐन मेच्या सुट्टीत पिवळा होतो, तेव्हा शाळेजवळ राहणारं, गावी न जाणारं एखादं मूल हेरून ठेवा. आणि पावसाळ्याआधी मुंबईत झाडांच्या फांद्या छाटतात. त्या आठवड्यात वहीत ‘छाटलं’ असं ठळक लिहायला लावा. नाहीतर शेंगा एकदम कमी झालेल्या पाहून पुढे कुणीतरी त्याचं कारण हवामानात शोधत बसेल.