जोरात दाबलं तरच गाठ सुटते का?

प्रश्न: ताई, मी विक्रोळीला राहते, नोकरी फोर्टला. जाता-येता लोकलमध्ये उभीच असते आणि उजव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग. त्या खांद्यात गाठ आल्यासारखं लागतं, संध्याकाळी डोकंही धरतं. मागच्या आठवड्यात एका स्पामध्ये डीप टिश्यू, म्हणजे खोलवर दाबून करतात तो मसाज घेतला तर दोन दिवस हात वर होईना, काळेनिळे डाग पण पडले. मैत्रीण म्हणते दुखलं तरच गाठ सुटते, नवरा म्हणतो सलूनमध्ये मान मोडून घे. काय करू?

उत्तर: आधी नवऱ्याचं सांगते. मान मोडून घेऊ नका, आणि त्यांनाही घेऊ देऊ नका. मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, झटक्याने मान वळवली की क्वचित त्यांना आतून चीर पडते आणि त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. क्वचित असलं तरी दोन मिनिटांच्या मोकळेपणासाठी ही जोखीम मला पटत नाही.

मैत्रिणीचंही चूक आहे. डीप टिश्यू म्हणजे जोर नाही, हळू जाणं. आधी तळहाताने लांब हात फिरवून, मग मळून स्नायू गरम करायचा आणि तो सैल पडेल तसं खोल जायचं. एकदम कोपर रोवलं तर स्नायू उलट आवळतो. दुखणं गोड असावं, श्वास रोखावा लागला की लगेच ‘हळू’ म्हणा, पैसे देऊन गप्प कसलं बसायचं!

तुमची गाठ बहुतेक ट्रिगर पॉइंट आहे, म्हणजे दाबलं इथे की कळ जाते डोक्यात. अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी यावर आयुष्यभर काम केलं, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या त्या. घरी टेनिसचा बॉल भिंत आणि खांद्याच्या मध्ये धरून अर्धा मिनिट सोसेल इतकंच टेका, मणक्यावर नाही. मग कोमट तिळाचं तेल आणि शेक. शियात्सू (बोटांनी दाबून करतात तो जपानी मसाज), थाई मसाज आवडत असेल तर जरूर घ्या, पण बॅग एकाच खांद्यावर राहिली तर महिन्याभरात परत तिथेच याल, पाठीवरची सॅक घ्या, गर्दीत पुढे धरता येते.

हातात मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल तर मसाज नको, आधी ऑर्थोपेडिककडे जा. आणि ते डाग पूर्ण जाईपर्यंत तिथे कुणाला हात लावू देऊ नका, बॉलसुद्धा त्यानंतरच.