नाशिकला सिंगल व्हिनयार्ड वाइन आणि शाश्वत पद्धतींसाठी ओळखली जाणारी वायनरी बघायला जायचंय. तिथे काय बघावं, काय विचारावं?

तुम्ही फेब्रुवारीत पुण्याहून चौघं येताय, सोबत वाइन न घेणाऱ्या सासूबाई आहेत, आणि एकाच बागेतली वाइन, पर्यावरणाची काळजी वगैरे जे सांगतात ते खरं की नुसतं लेबलावरचं हे तिथं गेल्यावर कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी दिंडोरी तालुक्यातली. माहेर आणि सासर दोन्हीकडे द्राक्षबागा. आता घरी फक्त खायची द्राक्षं आहेत, मध्यंतरी काही वर्षं वाइनची द्राक्षंही होती. पाहुणे आले की वायनरी दाखवायला मीच नेते. त्यामुळे माझं उत्तर बागेच्या बांधावरून आहे.

पहिली गोष्ट: आधी बाग बघा, ग्लास नंतर. बहुतेक ठिकाणची टूर यंत्रं, टाक्या, बॅरलची खोली आणि मग टेस्टिंग अशी असते. बाग लांबून, गच्चीवरून दाखवतात. तुमचे दोन्ही प्रश्न बागेत गेल्याशिवाय सुटणार नाहीत. म्हणून बुकिंग करतानाच फोनवर विचारा: बागेत चालत नेता का, आणि ज्या प्लॉटची वाइन वेगळी बाटलीत भरता तोच प्लॉट दाखवाल का? उत्तर देणाऱ्याला प्लॉट कुठला ते ठाऊक असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

इथल्या बऱ्याचशा वाइन अनेक शेतकऱ्यांच्या मालापासून होतात. कुणाचा प्लॉट निफाडचा, कुणाचा दिंडोरीचा, कुणाची काळी जमीन, कुणाचा मुरूम. सगळं एकत्र केलं की दरवर्षी साधारण सारखी चव राखता येते. त्यात वावगं काहीच नाही. एकाच बागेच्या वाइनमध्ये मात्र ही सोय नसते. त्या तुकड्यावर त्या वर्षी जे झालं, म्हणजे ऑक्टोबरचा पाऊस, डिसेंबरची थंडी, फेब्रुवारीत चढलेलं ऊन, ते सगळं बाटलीत उतरतं. फ्रान्सच्या बर्गंडीत असे 1,200 हून अधिक तुकडे नावानिशी ओळखले जातात आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमेरिकेत लेबलावर बागेचं नाव घालायचं तर किमान 95 टक्के द्राक्षं त्याच बागेतली असावी लागतात. आपल्याकडे नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, पण ते अख्ख्या पट्ट्याचं झालं. एका प्लॉटची खात्री करायची तर तोंडानेच विचारावं लागतं.

काय विचारायचं? प्लॉट किती एकरांचा, गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची, पावसाळ्यानंतरची छाटणी) कधी झाली, तोडणी कधी, एकरी किती टन निघाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या प्लॉटचा माल वेगळ्या टाकीत आंबवला का? इथेच खरं-खोटं कळतं. छोट्या प्लॉटसाठी छोटी टाकी अडवून ठेवणं, क्रेटपासून बाटलीपर्यंत तो माल दुसऱ्या कशात मिसळू न देणं, हे हंगामाच्या गर्दीत फार महाग पडतं. सेलरमध्ये टाक्यांवर कार्ड लावलेलं असतं. त्यावर द्राक्षाची जात, प्लॉट, टाकी भरल्याची तारीख आणि रोज खाली येणाऱ्या साखरेचे आकडे असतात. तुम्ही फेब्रुवारीत येताय म्हणजे काही टाक्या तेव्हा अक्षरशः खदखदत असतील. ते कार्ड वाचायला मागा. मला विचाराल तर अख्ख्या वायनरीत वाचण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

आता बाग. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटणी होते आणि तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा काढायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून घड धरायचा आणि जानेवारी ते मार्चमध्ये माल काढायचा. दोन छाटण्या, पीक एकच. म्हणूनच पावसाळ्यात हिरवंगार सगळं छान दिसतं, पण वेलावर एक घड नसतो. तुमचा महिना अगदी बरोबर आहे.

खायच्या द्राक्षाची बाग आधी पाहिली असेल तर वाइनची बाग तुम्हाला दुष्काळी वाटेल. आमचा थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष, एकरी दहा टनांच्या आसपास काढायचा, मणी फुगवायचा, त्यासाठी घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवायचे. वाइनला सगळं उलट. मणी बारीक हवा, साल जाड हवी, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. चांगल्या वाइनसाठी माल मुद्दाम एकरी चार-पाच टनांवर किंवा त्याहूनही खाली ठेवतात. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागला, की ठिबकचं पाणी तोडतात. माझे सासरे पहिल्यांदा ते बघून अस्वस्थ झाले होते. आयुष्यभर फुगवणीसाठी जिवाचं रान केलेल्या माणसाला वेल तहानलेला ठेवणं बघवत नाही.

चढावरची बाग असेल तर एक प्रयोग कराच. आधी परवानगी घ्या आणि शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. मग वरच्या, मुरमाड भागातला एक मणी तोंडात टाका. नंतर त्याच जातीचा, त्याच ओळीत खाली, जिथे काळी माती साचलेली असते तिथला. वरचा बारीक, साल चिवट, गोडी एकदम दाट. खालचा मोठा आणि पाणचट. मग बी चावून बघा. तपकिरी झालेलं बी कुरकुरीत लागतं, भाजल्यासारखी चव येते. हिरवं असेल तर कडू आणि चिकट. ब्रिक्स मीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) दोन्ही मण्यांची साखर जवळपास सारखी दिसली तरी बी खोटं बोलत नाही. एका प्लॉटची वाइन करणारा माणूस अख्खा प्लॉट एकदम तोडत नाही, वरचा भाग आधी आणि खालचा काही दिवसांनी तोडतो, तो यासाठीच.

पर्यावरणाबद्दल. छतावरचं सोलर तुम्हाला सगळेच दाखवतील, आणि ते महत्त्वाचंही आहे, कारण वायनरीची बरीच वीज थंडाव्यावर जाते. पांढरी वाइन साधारण 12 ते 16 अंशांवर आंबवतात आणि बाहेर दुपारी तिशीच्या वर पारा. म्हणून तोडणी किती वाजता करता ते विचारा. रात्री किंवा पहाटे तोडलेला माल मुळातच गार येतो आणि तेवढी वीज वाचते.

मी स्वतः आधी पाणी विचारते. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं, त्यावर शेती आहे, आणि समन्यायी वाटपात वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की इथे किती तणाव होतो ते मराठवाड्यातल्या आणि आमच्या दोघांच्याही घरांत माहीत आहे. बागेला ठिबक आता सगळ्यांकडेच आहे. वायनरीत पाणी जातं ते धुण्यात: टाक्या, क्रेट, पाइप, फरशी. ते सांडपाणी कुठे जातं, शुद्ध करून बागेला किंवा झाडांना वापरता का, शेततळं आहे का, बोअरवर किती अवलंबून आहात, हे विचारा. शुद्धीकरणाची जागा टूरमध्ये नसते. दाखवा म्हटल्यावर जो आनंदाने मागच्या बाजूला नेतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. तिथेच चोथ्याचा ढीगही दिसेल. पिळून उरलेली साल आणि बिया, जांभळा ढिगारा, त्यावर चिलटं आणि आंबूस वास. तो शेणखतात मिसळून कुजवून बागेत परत जातो की ट्रॉली भरून कुठेतरी ओतला जातो, हा प्रश्न चुकवू नका.

मग फवारणी. नाशिकच्या हवेत गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी येते, पुढे थंडी आणि ढगाळ हवेत भुरी. दोन्ही वेलावरचे बुरशीचे रोग. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने इथल्या बागा कशा झोपल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे आम्ही काहीच फवारत नाही असं कुणी सांगितलं तर मी सावध होते. त्यापेक्षा फवारणीची वही काढून दाखवणारा बरा. औषधाच्या अवशेषांची किंमत या पट्ट्याने मोजलेली आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि कितीतरी घरं कर्जात गेली. वाइनवाल्याला तर जपण्याचं आणखी एक कारण आहे. भुरीसाठीचं गंधक तोडणीच्या अगदी तोंडावर मारलं तर टाकीत सडक्या अंड्यासारखा वास धरतो. ओळींच्या मधली जमीनही बघा. तणनाशकाने भाजून काढलीय, की गवत, ताग, आच्छादन आहे? हे कुणालाही न विचारता दिसतं.

माणसांचा प्रश्न पर्यटक विचारत नाहीत, तुम्ही विचारा. छाटणीला आणि तोडणीला पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात. त्यांची राहायची सोय, संडास, फवारताना मास्क आणि हातमोजे, हे काही वेगळे विषय नाहीत. आणि माल देणाऱ्या शेतकऱ्याशी करार किती वर्षांचा? 2008 च्या अखेरीस मंदी आणि मुंबईवरचा हल्ला एकापाठोपाठ आले, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत पडून राहिली. त्यानंतर या भागात अनेकांनी वाइनचे वेल उपटले. आमचेही गेले. ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही, आणि वाइनचं द्राक्ष बाजारात खायला कोणी घेत नाही. वेल उभा राहून चांगला माल द्यायला काही वर्षं लागतात. त्यामुळे शेतकऱ्याशी दीर्घ करार करणारी आणि वाईट वर्षीही माल उचलणारी वायनरी माझ्या लेखी सोलरवाल्याच्या पुढे आहे.

टेस्टिंगमध्ये सहा वेगवेगळ्या वाइन घेण्यापेक्षा एकाच द्राक्षाच्या दोन मागा: एक साधी, मिश्र मालाची आणि एक त्या प्लॉटची. शिराझ असेल तर उत्तम, आपल्या हवेत ते चांगलं रुळलंय. दुकानात मग दोन्हीच्या बाटल्या हातात घेऊन बघा. जाड बुडाची, जड बाटली दिमाखदार दिसते, पण वाइनच्या एकूण कार्बनमध्ये काचेचा वाटा फार मोठा असतो. महागडी वाइन हलक्या बाटलीत भरायची हिंमत करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

कुठे जायचं? गंगापूर-सावरगाव बाजूला सुला, आणि जवळच यॉर्क, जी 2021 पासून सुलाकडेच आहे. शहरातून सोपं, पण शनिवार-रविवारी गर्दी इतकी की बागेत निवांत कुणी नेणार नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ धरा. शांतता हवी असेल तर इगतपुरी तालुक्यातलं संजेगाव: तिथे मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून असलेली व्हॅलोने आहे आणि ग्रोव्हर झांपाही आहे. दिंडोरीकडे शांदों आहे, ती बुडबुड्यांची वाइन करते, दुसरी आंबवण बाटलीतच. एका प्लॉटची वाइन कुणाकडे आहे हे वर्षागणिक बदलतं, म्हणून फोन करूनच ठरवा. एका दिवसात दोन वायनऱ्या पुष्कळ झाल्या. वाइनसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा किंवा ड्रायव्हरच करा.

सासूबाईंसाठी दिंडोरीचा रस्ता निवडा. सकाळी लवकर वणीमार्गे सप्तशृंगी गडावर जा. आता ट्रॉली आहे, पायऱ्यांचा त्रास नाही. दर्शन करून परत येताना दिंडोरीत दुपार होईल. बागेत त्यांनाही न्या, माती भुसभुशीत असते म्हणून चप्पल नको, बूट घाला. आणि बाटल्या घेतल्यात तर डिकीत टाकू नका, परतीच्या उन्हात डिकी तापते आणि वाइन बिघडते. पुढच्या सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा.