मॉरिशस गाडीनं फिरायचंय, पण पैसे कुठून काढायचे?

प्रश्न: आम्ही चिपळूणचे, चौघं. मे महिन्यात आठ दिवस मॉरिशसला जायचा विचार आहे. पूर्व किनाऱ्यावर बेल मारच्या रिसॉर्टचं पॅकेज 5,20,000 रुपयांना मिळतंय. मला मात्र भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्यावरची गावं बघायची आहेत. त्याचा माझा अंदाज 3,88,600 आहे: तिकिटं 2,20,000, सात रात्रींची राहणी 63,000, गाडी रोज 1,800 प्रमाणे 12,600, पेट्रोल 8,000, जेवण 60,000, बोटी व प्रवेशशुल्क 25,000. हाताशी 2,40,000 आहेत आणि दरमहा 35,000 शिल्लक राहतात. बाकीसाठी अडीअडचणीची एफडी मोडू, मुलीच्या शिक्षणाचे म्युच्युअल फंड विकू, की कर्ज काढू?

उत्तर: ताई, तिन्हींपैकी काहीच नको. सहल मात्र करा, आणि गाडीनंच करा.

आधी तुमच्या हिशेबातली एक गफलत. गाडीचा 1,800 हा दर बहुधा मॉरिशसच्या रुपयांत आहे. तिथलं चलनही रुपयाच, पण तो आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात जातो. म्हणजे गाडीचे 12,600 नव्हे, 25,000 धरा. बोटींचे आणि प्रवेशशुल्काचे आकडेही याच नजरेनं पुन्हा तपासा. चौघांचा प्रवास विमा तुम्ही धरलेलाच नाही, त्याचे सहा हजार घाला. एकूण सुमारे 4,07,000 झाले. वर 40,000 हाताशी राखून ठेवा, म्हणजे 4,47,000. पॅकेजपेक्षा तरीही 73,000 कमी.

पण फरक फक्त रकमेचा नाही. रिसॉर्टचा पलंग आणि जेवण आधीच विकत घेतलं, की दुपारी दूरच्या गावात असलात तरी ‘जेवण फुकट जाईल’ म्हणून परतावंसं वाटतं. पॅकेज घेऊन वर गाडीही घेणं हा सर्वांत महाग पर्याय. शिवाय मॉरिशसचे किनारे भरतीच्या रेषेपर्यंत सार्वजनिक आहेत. फ्लिक-आं-फ्लाक किंवा ब्लू बेच्या वाळूवर बसायला हॉटेलचं बिल लागत नाही. शनिवार-रविवारी तिथली कुटुंबंच सुरूच्या झाडांखाली डबे उघडून बसलेली असतात.

बेट साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद. रोज मुक्काम हलवायची गरज नाही. तीन रात्री आग्नेयेला माएबूरजवळ, चार रात्री पश्चिमेला तामारँ किंवा फ्लिक-आं-फ्लाकला, एवढं पुरे. माएबूरहून त्रू-दो-दूसला जाऊन तिथून बोटीनं इल-ओ-सेर्फ हे छोटं बेट होतं. दुसऱ्या मुक्कामी जाताना सुइयाकच्या ग्रिस-ग्रिसवरून दक्षिण किनारा धरा. तिथं प्रवाळाची भिंत तुटल्यामुळे लाटा थेट खडकावर आदळतात, पोहायचं नाव काढू नका. पुढे माकोंदेचं वळण, मग ल मॉर्नचा डोंगर. माझ्या मते सगळ्या सहलीतला हाच रस्ता खरा पैसे वसूल करणारा आहे. खोलीला स्वयंपाकघर असेल आणि रस्त्याकडेची दाल पुरी मुलांना आवडली, तर जेवणाचे 60,000 संपणारही नाहीत.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. किनाऱ्याचे रस्ते अरुंद असतात आणि पोर्ट लुईसमध्ये सकाळ-संध्याकाळ कोंडी होते. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, शुल्क 1,000 रुपये. गाडीवाले क्रेडिट कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, म्हणून एका कार्डाची मर्यादा मोकळी ठेवा. गाडीच्या विम्यात ‘पहिले अमुक रुपये तुमचे’ ही अट किती रकमेची आहे, ते पैसे भरण्याआधी लेखी मागा. राखीव 40,000 मुख्यतः त्यासाठीच आहेत.

आता पैशांचं. पॅकेजसाठी कमी पडणारे 2,80,000 समजा 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिना 13,444 चा हप्ता आणि सुमारे 42,600 व्याज. पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विकणारा आगाऊ घेतो तो प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. एफडी मोडण्याचा दंड किरकोळ असेल, पण चौघांचं घर परदेशात असताना मागे अडीअडचणीला काहीच नाही, हे मला पटत नाही. फंड विकल्यावर कदाचित करही लागणार नाही, कारण समभाग फंडांतला दीर्घकालीन नफा वर्षाला 1,25,000 पर्यंत करमुक्त आहे. पण पैसा मुलीचा आहे.

म्हणून मे सोडा, दिवाळीची सुट्टी धरा. ऑक्टोबर तिथं सर्वांत कमी पावसाचा, आणि चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो. आज हाताशी असलेल्या 2,40,000 मधून तिकिटं काढा, दर मात्र नव्या तारखांचे बघा. पुढच्या सहा महिन्यांचे 35,000 प्रमाणे 2,10,000 होतात. एकूण 4,50,000, म्हणजे राखीव रकमेसकट सगळं बसतं. राहण्याची जागा विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्या.

जाता जाता, मुलीचं शिक्षण दोन वर्षांवर आलं असेल आणि ते पैसे पूर्ण समभाग फंडांत असतील, तर सहलीपेक्षा ती गोष्ट जास्त तातडीची आहे. दर तिमाहीला थोडे थोडे एफडीत हलवायला आत्ताच सुरुवात करा. ही विक्री दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागली, की त्या करमुक्त मर्यादेचा दरवर्षी फायदा मिळेल.