‘दाहक रोम’ की ‘खाजरे केस’? अँडीजमधल्या कायोफोराचं मराठी वर्णन

विचारणा थोडक्यात अशी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात उंचावर वाढणाऱ्या ‘कायोफोरा कोरोनाटा’ या फुलझाडाच्या शास्त्रीय वर्णनाचं मराठी करायचं आहे. झाडाला हात लागला की आग होते, असे केस त्याच्या अंगभर असतात. त्यांना काय म्हणावं: खाजरे केस, दंशरोम, कुसळं की काटे? ‘खाजकुइलीच्या कुळातली वनस्पती’ असं लिहिलं तर वाचकाला चटकन उमगेल, ते चालेल का? ‘जीनस’ला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, प्रजाती म्हणायचं की वंश? आणि नाव काही ठिकाणी ‘j’ घालून छापलेलं दिसतं, मग कायोफोरा की काजोफोरा?

नावापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. हे नाव बोहेमियातले वनस्पतिशास्त्रज्ञ कारेल प्रेस्ल यांनी १८३१ मध्ये दिलं. ग्रीक ‘काइओ’ म्हणजे जाळणे आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा, धारण करणारा. थोडक्यात, अंगावर आग बाळगणारी. ‘कॉस्टिक सोडा’तला कॉस्टिक याच ‘काइओ’चा वंशज आहे, आणि ‘फॉस्फरस’मधला दुसरा तुकडा म्हणजे हाच ‘फोरोस’. संस्कृतातला ‘भृ’ धातू, म्हणजे आपला ‘भार’ आणि ‘भरणे’, हाही त्याचाच सख्खा. लॅटिन लेखनात ‘आय’ आणि ‘जे’ ही मुळात एकाच अक्षराची दोन रूपं, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘जे’ दिसतो. उच्चार मात्र ‘य’चाच. तेव्हा कायोफोरा. ‘काजोफोरा’ लिहिलं की ‘काइओ’शी असलेलं नातं तुटतं आणि मराठी वाचकाला उगाच काजू आठवतो.

आता केसांकडे. मराठीत झाडाच्या अंगावर उगवणाऱ्या बारीक गोष्टींना शब्दांचा तोटा नाही. मऊ, आडवी पडणारी ती लव. ताठ आणि टोचरं ते कूस किंवा कुसळ. शास्त्रीय लेखनात या सगळ्यांसाठी मिळून रोम. काटा मात्र या रांगेत बसत नाही. बाभळीचा काटा, निवडुंगाचा काटा हे झाडाच्या अवयवांचं रूपांतर असतं, कठीण आणि डोळ्यांना सहज दिसणारं. कायोफोराच्या केसांना ‘काटे’ म्हटलं तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच झाड उभं राहील, म्हणून तो शब्द पहिल्यांदा बाजूला ठेवा.

कूस आणि कुसळ यांचा विचार जास्त बारकाईनं करायला हवा, कारण इथंच खाजकुइलीचा प्रश्न येतो. खाजकुइलीच्या शेंगेवर जी सोनेरी-तपकिरी मखमल असते, ती म्हणजे नुसती सुटी कुसं. शेंग वाळली की वाऱ्याबरोबर उडतात, अंगावर बसतात, कातडीत शिरून तिथंच मोडतात. त्यांच्यात म्युकुनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं आणि त्यामुळे भयानक खाज सुटते. गावाकडे अशा वेळी अंगाला शेण चोळतात, त्यामागचं साधं कारण म्हणजे रुतलेली कुसं त्याला चिकटून निघून यावीत. इथं खाज हा शब्द अगदी नेमका आहे आणि कूसही.

कायोफोराचा केस वेगळ्या घडणीचा. तो झाडावरून सुटून येत नाही, झाडावरच ताठ उभा असतो. एकाच मोठ्या पेशीचा, आतून पोकळ, बुडाशी फुगीर, वर निमुळता होत गेलेला, आणि अगदी टोकाला इवलीशी गोळी. कशाचा धक्का लागला की ही गोळी तुटते, उरलेलं टोक इंजेक्शनच्या सुईसारखं कातडीत घुसतं आणि बुडाच्या फुगीर भागातला द्रव दाबानं आत जातो. लगेच आग होते, मग त्या जागी गांधी उठतात. आपल्या सह्याद्रीतल्या दाट सावलीत वाढणाऱ्या आग्याचा, ज्याला काही भागांत मोठी खाजोटी म्हणतात, केस याच धर्तीवर चालतो. युरोपातल्या अर्टिकाचाही तसाच. ‘अर्टिका’ हे लॅटिन नाव ‘उरेरे’, म्हणजे जाळणे, या क्रियापदावरून आलेलं आहे असं मानतात. गांधींच्या विकाराचं ‘अर्टिकेरिया’ हे वैद्यकीय नाव त्याच झाडावरून पडलं. ग्रीक असो, लॅटिन असो की मराठी, ज्यानं कुणी अशा झाडाला हात लावला त्याला आगच सुचली. म्हणून ‘खाजरे केस’ नको. वर्णनात ‘दाहक रोम’ लिहा, ओघवत्या लेखात ‘आग करणारे केस’. ‘दंशरोम’ चूक नाही, पण दंश म्हटलं की साप किंवा विंचू जागा होतो. त्यात चावणाऱ्याचा हेतू येतो, आणि झाडाच्या बाबतीत तो नसलेला बरा.

या केसांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अर्टिकाच्या केसाचं टोक सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं असतं, हे जुनंच ज्ञान. कायोफोरा ज्या लोआसेसी कुलात येतो, त्या कुलातल्या दाहक रोमांचं टोक कॅल्शियम फॉस्फेटनं कडक झालेलं असतं, म्हणजे आपले दात ज्या द्रव्यानं कठीण होतात त्याच द्रव्यानं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१६ मध्ये मांडलं. उंच अँडीजमध्ये पानं ओरबाडणाऱ्या प्राण्यांच्या दातांना झाड दातांच्याच द्रव्यानं उत्तर देतं, हे वाचल्यापासून त्या केसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि तेवढ्यावर भागत नाही. लोआसेसी कुलातल्या झाडांवर दाहक रोमांखेरीज आणखी रोम असतात. काही खरखरीत, ज्यांच्या अंगाला उलटे आकडे असतात. काही टोकाशी ग्रंथी असलेले, चिकट द्रव सोडणारे. शास्त्रीय वर्णनांत हे सगळे वेगवेगळे नोंदवतात, कारण कोणते रोम कुठं आहेत यावरून जाती ओळखता येतात. म्हणजे ‘कूस’ हा शब्द फुकट गेला नाही. उलट्या आकड्यांच्या रोमांना ‘अंकुशी कुसं’ म्हणा, ग्रंथीवाल्यांना ‘ग्रंथिल लव’, आणि दाहक ते ‘दाहक रोम’. तिन्हींना नुसतं ‘केस’ म्हटलं तर मूळ वर्णनातला फरक मराठीत येताना बुडतो. भाषांतरात सर्वात जास्त चुका मी इथंच होताना पाहतो: मूळ लेखकानं मुद्दाम वापरलेल्या तीन शब्दांना आपण एकच शब्द लावतो.

‘खाजकुइलीच्या कुळातली’ हा प्रस्ताव मात्र ठामपणे नाकारावा लागेल. खाजकुइली शेंगांच्या कुलातली, म्हणजे वाल, पावट्यांच्या नात्यातली. आग्या आणि अर्टिका हे अर्टिकेसी कुलातले. खाजकोलती ही तिसरीच. ती एरंडाच्या कुलातली, आणि तिच्या केसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचा एक अणकुचीदार स्फटिक असतो. कायोफोराचं कुल चौथं. लोआसेसी कुल जुसिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०४ मध्ये मांडलं, त्यात तीनशेहून जास्त जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडांतल्या. अपवाद अगदी थोडे: आफ्रिका आणि अरबस्तानातला किस्सेनिया, आणि पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवरचा प्लाकोथिरा. भारतात या कुलातलं रानटी झाड एकही नाही. पूर्वी हे कुल कृष्णकमळ, पपई यांच्या आसपास ठेवत. डीएनएचा पुरावा आल्यावर ते हायड्रेंजियाच्या शेजारी, कॉर्नेलीझ या गणात, म्हणजे कुलांच्या मोठ्या गटात, गेलं. बागेत गुच्छागुच्छांनी फुलणारा निरुपद्रवी हायड्रेंजिया हाच कायोफोराचा खरा जवळचा भाऊबंद, आग्या नव्हे.

म्हणजे आग करण्याची युक्ती वेगवेगळ्या कुलांत स्वतंत्रपणे उभी राहिली. लोकांची नावं ठेवायची रीत मात्र कातडीवरून चालते. पेरू, बोलिव्हियातले स्पॅनिश बोलणारे लोक अर्टिकालाही ‘ओर्तिगा’ म्हणतात आणि कायोफोरालाही. आपणही खाजकुइली, खाजकोलती, खाजोटी यांना एका ‘खाज’मध्ये बांधतो. हे चूक मुळीच नाही. जंगलात चालणाऱ्या माणसाला झाडाचं कुल कळून काय उपयोग, हात कुठं लावायचा नाही ते कळायला हवं. पण शास्त्रीय वर्णनात ‘कुल’ हा शब्द आला की तो नात्याचाच अर्थ देतो. म्हणून लिहायचं झालं तर ‘आपल्याकडच्या आग्यासारखी आग करणारी, पण त्याच्या नात्यातली नसलेली वनस्पती’ असं लिहा. वाचकाला चटकनही उमगेल आणि खोटंही ठरणार नाही. ‘कुळ’ की ‘कुल’ यावर मी फार अडून बसणार नाही, पण शास्त्रीय मजकुरात ‘कुल’ रूढ आहे, आणि ‘कूळ’ म्हटलं की मराठी माणसाला आधी कुळकायदा आठवतो.

प्रजातीचा प्रश्न जास्त त्रासाचा. मराठी शास्त्रीय लेखनात, विश्वकोशातल्या नोंदींतही, प्रजाती किंवा वंश हे जीनससाठी आणि जाती हे स्पीशीजसाठी वापरलेलं आढळतं. हिंदीत मात्र प्रजाति म्हणजे स्पीशीज, आणि वंश म्हणजे जीनस. आता वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर ‘पक्ष्याची नवी प्रजाती सापडली’ असंच लिहितात, म्हणजे हिंदीतला अर्थ मराठीत रुळला. परिणामी ‘कायोफोरा प्रजाती’ वाचून अर्ध्या लोकांना एक झाड वाटतं, अर्ध्यांना झाडांचा गट. माझा सल्ला असा की प्रजाती हा शब्द पूर्ण टाळा. वंश आणि जाती वापरा, कुणाचाच गोंधळ होत नाही. कायोफोरा हा वंश, त्यात पन्नासच्या आसपास जाती, कोरोनाटा ही त्यातली एक. ‘जाती’ या शब्दाला समाजातला दुसरा अर्थ चिकटलेला आहे म्हणून काहीजण तो टाळतात, ती अडचण मला समजते. पण ‘वनस्पतीची जाती’ असं पूर्ण लिहिलं की संदिग्धता राहत नाही.

फुलाच्या वर्णनासाठी मराठी परिभाषा तयार आहे, ती बिनदिक्कत वापरा. या कुलाचं फूल मुळात मोठं कारागिरीचं. पाकळ्या बहुधा पाच, कधी अधिक, होडीसारख्या खोलगट, म्हणून ‘नौकाकृती’. प्रत्येक होडीत केसरदलांचं (पुंकेसरांचं) एक जुडगं झोपलेलं. दोन पाकळ्यांच्या मधल्या जागी वंध्य केसरदलं एकमेकांना जुळून मकरंदाचा एक खवला बनतो. त्याला ‘मधुशल्क’ म्हणता येईल. केसरदलं एकदम उभी राहत नाहीत, एकेक करून होडीतून उठतात आणि फुलाच्या मध्याकडे येतात. नासा या जवळच्या वंशातल्या ‘नासा पॉइसोनियाना’च्या फुलांत तर परागकण नेणाऱ्या पाहुण्यांच्या मागच्या भेटी किती वेळानं झाल्या त्यावरून पुढचं केसरदल कधी उठायचं ते ठरतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. किंजपुट, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, अधःस्थ, म्हणजे पाकळ्यांच्या खाली. फळ बोंड, कायोफोराच्या बऱ्याच जातींत त्याला पीळ असतो आणि ते उभ्या चिरांनी उकलतं. ‘कायोफोरा कॉन्टोर्टा’ या जातीच्या नावातलं ‘कॉन्टोर्टा’ म्हणजे पिळलेलीच.

कोरोनाटाचं वेगळेपण फुलाच्या जागेत आहे. कायोफोराच्या काही जातींची फुलं हमिंगबर्डसाठी असतात, काहींची मधमाश्यांसाठी. कोरोनाटाची मोठी पांढरी फुलं जमिनीलगत उमलतात, आणि अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की तिथले छोटे रानउंदीर रात्री येऊन त्यांतला मकरंद चाटतात आणि परागकण वाहून नेतात. म्हणून वर्णनात ‘फुलं खाली’ असं मोघम लिहू नका, ‘जमिनीलगत’ लिहा. ‘कोरोनाटा’ म्हणजे मुकुट असलेली. मराठी नाव पाडायचंच असेल तर ‘मुकुटी कायोफोरा’ पुरे, नवं देशी नाव शोधायची गरज नाही. जे झाड इथं उगवत नाही त्याला इथलं नाव चिकटवून पुढच्या पिढीच्या शब्दकोशात गोंधळ कशाला घालायचा?

सगळं एकत्र करून मी वर्णन साधारण असं लिहीन:

‘कायोफोरा कोरोनाटा (कुल – लोआसेसी). अँडीज पर्वताच्या उंच भागात वाढणारी बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारी ओषधी. खोड, पाने व फळे यांवर दाहक रोम. पाने पिच्छाकृती विभागलेली. फुले मोठी, पांढरी, जमिनीलगत; पाकळ्या नौकाकृती; केसरदले अनेक, पाकळ्यांसमोर जुडग्यांनी; त्यांच्याशी एकाआड एक मधुशल्के; किंजपुट अधःस्थ. फळ बोंड, बिया अनेक.’

यातला ‘ओषधी’ शब्द छापायला देताना सांभाळा. ओषधी म्हणजे मऊ खोडाची लहान वनस्पती, झुडूप किंवा वृक्ष नव्हे. मुद्रितशोधक हमखास त्याचं ‘औषधी’ करतो, आणि मग अंगाची आग करणारं हे झाड छापील पानावर औषध होऊन बसतं. हस्तलिखिताच्या समासात ‘ओ-कार आहे, बदलू नये’ असं लाल शाईनं लिहून पाठवा.