नशा करणाऱ्या मुलांसोबत काम सुरू करताना

पहिल्याच भेटीत 'सोडणार कधी?' विचारू नकोस. पोरगं पुन्हा फिरकत नाही. आधी गोपनीयतेची मर्यादा सांगून टाक: जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येणार नाही. मग विचार, काय घेतोस, किती, कसं, कुणासोबत. उपदेश राहू दे.

खंडाकडे सगळ्यात जास्त लक्ष ठेव. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस जिवावर बेततो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा कोठडीतून सुटलेल्यांना हे आवर्जून सांग. हेरॉइनवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या की श्वास मंदावत जातो. तेही दार लावून, एकट्याने असेल तर उठवायला कुणी नसतं.

घोरल्यासारखी घरघर, निळे ओठ, टाचणीएवढ्या बाहुल्या, हाकेला ओ नाही: रुग्णवाहिका बोलाव, नॅलोक्सोन (हेरॉइनचा असर उतरवणारं औषध) दे, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास दे. 2-3 मिनिटांत फरक नाही, तर दुसरा डोस. श्वास सुरू झाला की कुशीवर वळव. शुद्ध आली म्हणून निघून जाऊ नकोस. नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, हेरॉइनचा त्याहून जास्त टिकू शकतो आणि श्वास पुन्हा अडकतो. मिठाचं पाणी पाजणं, गार पाण्याखाली धरणं असले उद्योग कुणालाही करू देऊ नकोस.