नकोशा आरोपीच्या बाजूचा पुरावा

चि.,
अनेक आशीर्वाद.

सरकारी वकील म्हणून रुजू होतेयस, तर पुस्तकांची यादी पाठवत नाही, एक सिनेमा सुचवतो. इटालियन दिग्दर्शक दिनो रिझीचा १९७१ सालचा ‘इन नोमे देल पोपोलो इतालियानो’, म्हणजे ‘इटालियन जनतेच्या नावाने’. तिथे न्यायनिवाडा याच शब्दांनी जाहीर होतो. त्या काळातल्या इटालियन राजकीय गुन्हेपटांची चर्चा निघाली की याचं नाव बहुधा राहूनच जातं. हसवतो, म्हणून असेल.

रोममध्ये एक तरुणी मरते. तपास-न्यायाधीश बोनिफाझी (उगो तोन्यात्सी) सरळमार्गी आणि मनातून धुमसणारा. संशय सांतेनोचितोवर (वित्तोरियो गासमान). हा बडा उद्योगपती, माणसं विकत घ्यायची सवय लागलेला. त्या रात्रीबद्दल खोटं बोलायला म्हातारा बाप तयार होत नाही, तर हा त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतो. तिथेच प्रेक्षकाचा निकाल लागून जातो.

शेवट सांगावाच लागतोय, रागावू नकोस. मुलीची डायरी बोनिफाझीच्या हाती येते. तिने आत्महत्या केलेली असते; या मृत्यूशी त्या माणसाचा संबंध नाही. बाहेर इंग्लंडला फुटबॉलमध्ये हरवल्याचा धिंगाणा चाललेला, आणि बोनिफाझीला गर्दीतल्या चेहऱ्याचेहऱ्यात सांतेनोचितो दिसतो. तो डायरी आगीत टाकून देतो.

तेव्हा तिकडे पुरावे गोळा करणं तपास-न्यायाधीशाच्याच हाती असे. (ते पद १९८९मध्ये लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गेलं.) त्यामुळे डायरी दाबायला कुणाचा फोन नको, पैसे नकोत. त्याची स्वतःची चीड पुरते, आणि ती चीड खोटीही नाही. मला धास्ती वाटते ती याचीच.

तुझ्या टेबलावरही असं प्रकरण येईल. आरोपी नालायक, वर्तमानपत्रं तुझ्या बाजूने, आणि फायलीत मधेच एक उलटा जाणारा जबाब. वाचलास की त्याच दिवशी नोंद कर, तपास अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा माग, बचाव पक्षाला प्रत मिळाली का ते स्वतः बघ. उद्यावर टाकू नकोस. रात्री कारणं फार चांगली सुचतात.

सिनेमा एकटीने बघ. डायरी पेटली तेव्हा तुला बरं वाटलं का, तेवढं खरं कळव.

तुझा,
सर