वाचक विचारतात : शवविच्छेदनाच्या टेबलापाशी

प्रश्न : बारावी विज्ञान झाले. शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण शोधणारी डॉक्टर व्हायचे आहे. बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स घेऊ का? (विद्यार्थिनी, सांगली)

त्या वाटेने प्रयोगशाळेत पोचाल, शवागारात नाही. मृतदेह उघडायला एमबीबीएस लागतेच : नीट, साडेचार वर्षे, वर 1 वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी आणि 3 वर्षांचे एमडी, विषय न्यायवैद्यकशास्त्र व विषशास्त्र. एमडी पॅथॉलॉजी ही वेगळी शाखा. ते डॉक्टर मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहतात, आणि न्यायवैद्यक डॉक्टरांना अनेकदा त्यांचे मत मागवावे लागते. रेडिओलॉजीसाठी असते तशी झुंबड न्यायवैद्यकासाठी नसते. मात्र फक्त मृतदेहच पाहायचे, असे समजू नका. जखमींची तपासणी, वयनिश्चिती, लैंगिक अत्याचारातील तपासणी आणि कोर्टातली उलटतपासणी हेही रोजचेच. ग्रामीण रुग्णालयात तर बहुतेक पोस्टमॉर्टेम साधे एमबीबीएस झालेले वैद्यकीय अधिकारीच करतात.

प्रश्न : नात्यातला तरुण अचानक गेला. अहवालात कारणाच्या रकान्यात ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव’ एवढेच आहे. डॉक्टरांनी जबाबदारी झटकली का? (वाचक, बार्शी)

नाही. डोळ्यांना कारण दिसले नाही किंवा विषाची शंका आली, की प्रामाणिक डॉक्टर असेच लिहितो. बरेचदा ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे ठोकून दिलेले आढळते, ती मात्र जबाबदारी झटकणे. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते.

व्हिसेरा म्हणजे जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा सुरुवातीचा सुमारे 30 सेंमी भाग, जवळपास 500 ग्रॅम यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवतात. फॉर्मालिनमध्ये नाही, कारण त्याने ऊती घट्ट होतात आणि विष वेगळे काढणे अवघड जाते. (सूक्ष्मदर्शकासाठीचे तुकडे मात्र 10 टक्के फॉर्मालिनमध्येच.) बरणी दोन-तृतीयांशच भरायची; कुजताना वायू धरतो आणि काठोकाठ भरलेली बरणी वाटेत गळते. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा नमुनाही सोबत जातो, म्हणजे विष त्या पाण्यातूनच आले, असे उद्या कोणी म्हणायला नको. रक्तात सोडियम फ्लोराइड घातले नाही, तर जिवाणू साखर आंबवतात आणि न प्यायलेल्याच्या रक्तातही अल्कोहोल सापडू शकते.

नमुने पोलिसांमार्फत मुंबईतल्या कलिना येथील किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. तिथून येतो तो ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अॅनालायझर) अहवाल. तो आला की काम संपले, असे धरू नका. पोलिसांनी तो डॉक्टरांपुढे ठेवून अंतिम मत लेखी घ्यावे लागते, आणि फाइल अडकते ती बहुधा याच टप्प्यावर. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक घेऊन ठाण्यात विचारा. आणखी एक : ‘विष आढळले नाही’ म्हणजे विष नव्हतेच असे नाही. उलट्या झाल्या, जठर धुतले गेले, रुग्ण काही दिवस उपचार घेत जगला, तर ते निघून गेलेले असू शकते.

प्रश्न : गळफासाची खूण मानेवर असते, मग डॉक्टर आधी डोके आणि छाती का उघडतात? (कायद्याचा विद्यार्थी, नागपूर)

मान शेवटी ठेवायची म्हणून. कवटी उघडून मेंदू काढला, छातीतले अवयव काढले, की मानेतल्या शिरांमधले रक्त निथळून जाते. मग मानेचे स्नायू एकेक थराने सोडवून कंठिकास्थी (जिभेच्या मुळाशी असलेले नाजूक हाड) आणि स्वरयंत्र तपासायचे. हा क्रम उलटा झाला, तर शिरांतून झिरपलेले रक्त स्नायूंत पसरते आणि ते गळा दाबल्याच्या रक्तस्रावासारखे दिसते. चुकीच्या क्रमाने आत्महत्येचा खून व्हायला इतके पुरते. कंठिकास्थीही ओढाताण करून काढली तर तिथेच मोडते. मोडलेल्या टोकांभोवती रक्त मुरलेले आहे का, हे म्हणूनच पाहायचे. एवढे करूनही डॉक्टर फक्त मृत्यूचे कारण सांगतो. फास कोणी लावला, हे तपासाचे काम.

प्रश्न : रात्री पोस्टमॉर्टेम होते का? (वाचक, चिपळूण)

होते. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने पुरेशा सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर मात्र दिवसा, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद. कृत्रिम उजेडात त्वचेचे रंग फसवतात.